पायरीचा दगड

वरच्या वस्तीत, थेसालोनिकीच्या जुन्या तटाखाली,
आमच्या अंगणात नळाशी एक पायरी आहे.
तिच्यावर आईनं गालिचे आपटले,
बाबांनी सुऱ्यांना धार लावली,
मी समुद्रावरून आले की
पायांची वाळू तिथंच झटकायची.
कडेला काहीतरी कोरलेलं.
नक्षी आहे, म्हणायची आई,
आणि पाणी सोडायची.

एकसष्टाव्या वर्षी, औषधांचं दुकान भाचीच्या हाती देऊन,
मी ती नक्षी कागदावर उतरवली
आणि बेनफोरादो बाईंचं दार वाजवलं.
वय ब्याऐंशी. तिसरा मजला, लिफ्ट बंद.
त्यांनी माझा कागद उलटा केला,
म्हणजे सुलटा.
पहिला धडा तोच.

उजवीकडून डावीकडे.
मान ऐकेना, डोळे ऐकेनात.
ओल्या शाईवरून मनगट फिरलं, बाही निळी.
काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही,
नुसती व्यंजनं, दात आवळून बसलेली.
स्वरांचे ठिपके पुष्कळ नंतरचे, बाई म्हणाल्या,
विसरणाऱ्यांच्या सोयीसाठी.
मी डगमगले नाही. चाळीस वर्षं
डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचल्यात.
त्यांतही स्वर नसायचे,
आणि चुकलं तर माणूस जायचा.

मग आलेफ.
बाईंनी दोन शिंगं काढली, एक जबडा.
सिनाईच्या वाळवंटात, पिरोजाच्या खाणीपाशी,
राबणाऱ्या कुणीतरी
मालकांची चित्रं उसनी घेतली असावीत.
तसं समजतात. तिथे आपण नव्हतो.
बैल म्हणजे आलेफ, घर म्हणजे बेत, पाणी म्हणजे मेम.
चित्राचा पहिला आवाज ठेवला,
उरलेला बैल सोडून दिला.

तोच बैल पुढे गलबतातून आमच्या किनाऱ्याला लागला.
आम्ही त्याला उताणा केला,
शिंगांचे पाय झाले,
आणि हाक मारली: अल्फा.
दुसरीत मी विचारलं होतं, अल्फा म्हणजे काय?
अल्फा म्हणजे अल्फा, मास्तर म्हणाले, खाली बस.
बसले. चोपन्न वर्षं बसले.

वाव म्हणजे आकडा, खुंटी.
क्रियापदाच्या तोंडाशी तो अडकवला
की ‘होईल’चं ‘झालं’ होतं.
एवढासा आकडा, आणि सगळा उद्या काल होतो.
उलटं करता येतं का? मी विचारलं.
झालेलं पुन्हा व्हायचं राहिलेलं?
येतं, बाई म्हणाल्या.
व्याकरणात.

सातव्या धड्यात ‘दगड’ आला. एवेन. स्त्रीलिंगी.
बाईंनी चष्मा पुसला, आणि उदाहरण म्हणून सांगितलं:
आज विद्यापीठ आहे ना, तिथे माझी आजी होती.
युद्धात कबरस्तान फोडलं.
दगड गावभर गेले,
कुणाच्या हौदाला, कुणाच्या ओट्याला.
मी वहीत लिहिलं: एवेन.
तीनदा लिहिलं. बाकी काय लिहिणार?

मार्चमधल्या एका सकाळी पायरीशी गुडघे टेकले.
साधं पाणी, मऊ ब्रश.
व्हिनेगर नाही, संगमरवराला खातं ते,
एवढं मला कुणी शिकवायला नको.
शेवाळ निघालं. चुना निघाला.
बाबांच्या सुरीच्या रेघा निघाल्या नाहीत.
त्यांच्या मधोमध दोन अक्षरं: बेत, ताव.
एक घर, एक खूण.
बत.
अमक्याची मुलगी.

फोन लावला.
वाचलं, मी म्हटलं. ‘मुलगी’ आहे.
कुणाची? बाईंनी विचारलं.
पुढे पाइप आहे, आमच्या नळाचा.
पलीकडे बराच वेळ काही नाही,
नुसती व्यंजनं.
मग म्हणाल्या, गुरुवारी ये. वही आण.

नळ घट्ट पिळला.
तरी थेंब पडतोच आहे, नेमका त्या घरावर.
वॉशर गेलाय.
किती वर्षांपासून गेला असेल.